आयर्लंडच्या काउंटी काउन्सिलचा निकाल: पहिल्या फेरीत पुढे असलेली आमची उमेदवार हरली कशी?

मंजिरी_डब्लिन (१२ जून २०२४)

शुक्रवारी, ७ जूनला, इथे काउंटी काउन्सिलचं, म्हणजे इथल्या स्थानिक संस्थेचं, मतदान झालं. आयर्लंडमध्ये येऊन सहा वर्षं झाली, पण मत पहिल्यांदाच दिलं. पासपोर्ट अजून भारताचाच आहे. काउन्सिलच्या मतदानाला नागरिकत्व लागत नाही. वय अठरा पूर्ण हवं, राहायला इथे हवं आणि यादीत नाव हवं. केंद्रावरच्या बाईंनी पट्टी धरून यादीत माझं नाव शोधलं, नावाजवळचं 'एल' अक्षर बघितलं आणि एकच मतपत्रिका फाडून दिली. माझ्या पुढच्या काकूंना दोन मिळाल्या, कारण युरोपियन संसदेचं मतदानही त्याच दिवशी होतं. दोऱ्याने बांधलेली पेन्सिल घेऊन उभी राहिले तेव्हा हात थरथरत होता, खरंच.

आमच्या वॉर्डातून सहा जण निवडून जातात. मी जिच्यासाठी चार संध्याकाळी दारोदार पत्रकं टाकली, ती पहिल्या मोजणीत सहावी होती. सहा जागा, सहावा नंबर, म्हणजे आली असं धरून मी शनिवारी घरी शिरा केला. रविवारी रात्री शेवटच्या फेरीत ती हरली, पन्नासहून कमी मतांनी. पहिल्या मोजणीत आठव्या नंबरावर असलेला माणूस तिच्या पुढे गेला. नियमाने झालं असेल, शंका नाही. पण मला हे पटत नाहीये. ज्याला लोकांनी आधी कमी मतं दिली, तो नंतर पुढे कसा जातो? समजावून सांगा कोणीतरी.

कोल्हापूरकर_७७

ताई, हा प्रश्न आमच्या कोल्हापूरला विचारा. जून २०२२ ची राज्यसभा आठवते का? सहावी जागा. शिवसेनेचे संजय पवार पहिल्या पसंतीच्या ३३ मतांवर, भाजपचे धनंजय महाडिक २७ वर. दोघंही आमच्याकडचेच. पहाटे निकाल लागला आणि महाडिक खासदार. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं होती, त्यांची जादाची मतं दुसऱ्या पसंतीने खाली उतरली. तुमचं तेच झालंय.

मंजिरी_डब्लिन

अरे हो! तेव्हा टीव्हीसमोर बसून मीच बाबांना विचारत होते की हे असं कसं. पण तिथे आमदार मतदान करतात, पक्षाचा आदेश असतो, सगळं ठरवून होतं. इथे साधी माणसं आकडे घालतात, त्यांना कोण सांगणार कुणाला दुसरी पसंती द्या म्हणून?

जुना_खेळाडू

मंजिरी, पंचवीस वर्षं इथे आहे. पाच वेळा मोजणीच्या हॉलमध्ये कठड्याला टेकून उभा राहिलोय. नीट सांगतो, जरा मोठं होईल.

मतपत्रिकेवर तुम्ही १, २, ३ असे पाहिजे तेवढे आकडे घालता. याचा अर्थ तुम्हाला तीन मतं आहेत असा नाही. मत एकच. ते मत तुम्ही कुणाच्या हातात देता आणि तिथे त्याची गरज नसली किंवा उपयोग नसला तर पुढे कुणाकडे पाठवता, एवढंच ते आकडे सांगतात.

कोटा असा निघतो. समजा वैध मतं १४,००० आणि जागा ६. जागांमध्ये एक मिळवायचा, म्हणजे ७. चौदा हजाराला सातने भागलं की २,०००, त्यात एक मिळवला की २,००१. एवढी मतं सातव्या माणसाला मिळूच शकत नाहीत, म्हणून हा आकडा गाठला की माणूस निवडून आला. त्याहून जास्त असतील ती मतं पुढच्या पसंतीला जातात. कुणीच कोटा गाठला नाही की सगळ्यात खालचा बाद होतो आणि त्याच्या सगळ्या पत्रिका पुन्हा उलगडून बघतात, पुढचा आकडा कुणापुढे आहे ते. असं करत दहा, बारा, कधी त्याहून जास्त फेऱ्या होतात. शेवटी जागा एक आणि माणसं दोन उरली की ज्याची मतं जास्त तो येतो, कोटा भरो न भरो.

आता तुझ्या उमेदवाराचं. पहिल्या मोजणीत सहावी म्हणजे तिला पहिली पसंती देणारे बऱ्यापैकी होते. पण खालचे एकेक बाद होत गेले, तेव्हा त्यांच्या मतदारांनी दुसरी, तिसरी, चौथी पसंती त्या आठव्या माणसाला जास्त दिली होती. तो माणूस बऱ्याच लोकांना 'चालणारा' होता. इथले जुने कार्यकर्ते दारावर गेले आणि घरमालक म्हणाला, 'माझं मत दुसऱ्याला ठरलंय', तर तोंड पाडून परत फिरत नाहीत. ते म्हणतात, 'हरकत नाही, मग दुसरा नंबर आम्हाला द्या.' तुम्ही चार संध्याकाळी हे विचारलं का?

मंजिरी_डब्लिन

नाही विचारलं. 'आमचं ठरलंय' म्हणाले की मी 'थँक्यू' म्हणून फाटक लावून निघायचे.

अवधूत_लिमरिक

जुना_खेळाडू यांनी छान सांगितलंय, पण एक गोष्ट राहिली आणि ती मला खटकते. जादाची मतं पुढे जातात म्हणजे नक्की कुठली? समजा एकाला २,५०१ मिळाली, कोटा २,००१. जादा ५००. पण २,५०१ पत्रिकांमधल्या कुठल्या ५०० पुढे पाठवायच्या?

राज्यसभेला प्रत्येक मत शंभराचं धरतात आणि सगळ्या पत्रिका कमी किमतीने पुढे जातात. ते गणित स्वच्छ आहे. इथे सिनेटच्या निवडणुकीतही तसंच करतात. पण काउन्सिल आणि डॉल, म्हणजे इथली लोकसभा, यांच्या मोजणीत अख्ख्या कागदाची अख्खी पत्रिकाच उचलून दुसऱ्याच्या गठ्ठ्यात ठेवतात. दुसरी पसंती कुणाला किती, त्या प्रमाणात संख्या ठरते, आणि मग त्या त्या गठ्ठ्यातल्या वरच्या तेवढ्या पत्रिका काढतात. म्हणजे माझी पत्रिका गठ्ठ्यात वर होती की खाली, यावर माझी तिसरी पसंती पुढे मोजली जाणार की नाही हे ठरलं. पन्नास मतांच्या आत निकाल लागतो तिथे हे फार महत्त्वाचं आहे.

जुना_खेळाडू

अवधूत, बरोबर. पहिल्या मोजणीच्या जादा मतांत संख्या प्रमाणातच असते, फक्त त्या पत्रिकांवर पुढे काय लिहिलंय त्यात थोडा नशिबाचा भाग येतो. आणि पुढच्या फेऱ्यांत कुणी कोटा ओलांडला तर फक्त त्याला शेवटी आलेला गठ्ठा उघडतात, सगळा ढीग नाही. मोजणी हाताने, म्हणून ही सोय ठेवली. मला हे बदलावं असं वाटतं, पण त्यासाठी लोकांनी कधी आवाज उठवलेला मी पाहिला नाही.

निलेश_पुणे

थांबा थांबा. २०२४ साली हाताने मोजणी? दोन-दोन दिवस? आपल्याकडे दुपारपर्यंत गुलाल उधळून होतो. मशीन का नाही घेत?

जुना_खेळाडू

घेतली होती की! हॉलंडच्या बनावटीची साडेसात हजारांच्या आसपास यंत्रं, खर्च ५ कोटी युरोंहून अधिक. २००२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तीन मतदारसंघांत वापरली. डब्लिन नॉर्थमध्ये नोरा ओवेन या माजी मंत्री व्यासपीठावर उभ्या आणि सगळ्या फेऱ्यांचा निकाल एका दमात वाचून दाखवला. हरल्या हे त्यांना सगळ्या देशाबरोबरच कळलं. हाताने मोजताना माणसाला दोन-चार तास आधी कळलेलं असतं, घरच्यांना जवळ बोलावता येतं. ते दृश्य लोकांच्या मनाला लागलं. २००४ च्या काउन्सिल निवडणुकीत देशभर यंत्रं लावायची होती, पण त्यासाठी नेमलेल्या आयोगाने सांगितलं की यांच्या अचूकतेची खात्री देता येत नाही. मग ती गोदामात पडून राहिली, २००९ मध्ये बेत सोडला, आणि २०१२ मध्ये सगळी मिळून ७० हजार युरोंच्या आसपास भंगारात गेली.

निलेश_पुणे

बापरे. ५ कोटींचे ७० हजार. आमचा जुन्या बाजारातला भंगारवालासुद्धा घासाघीस न करता गप्प घेऊन जाईल.

शर्वरी_आर

मंजिरी, मोजणीचा हॉल कसा असतो ते सांग ना. मी गॉलवेला आहे, गेले नाही कधी.

मंजिरी_डब्लिन

सांगते. मला कार्यकर्ती म्हणून पास मिळाला होता. क्रीडासंकुलाचा हॉल, जमिनीवर बास्केटबॉलच्या रेघा, त्यावर लांबच लांब टेबलं. टेबलांच्या पुढे लोखंडी कठडे. सकाळी नऊला पेट्या फोडतात, सगळ्या पत्रिका टेबलावर ओततात. आधी युरोपच्या आणि काउन्सिलच्या वेगळ्या करतात, दोन्हींचे रंग वेगळे असतात. मग एकेक पत्रिका सरळ करून, तोंड वर करून ठेवतात. कठड्याला चिकटून सगळ्या पक्षांची माणसं वाकून उभी, हातात पुठ्ठा आणि पेन्सिल, आणि ज्याच्यापुढे १ दिसेल त्याच्या नावापुढे रेघ. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी. अगदी आपली आजी दुधाचा हिशेब भिंतीवर ठेवायची तसं.

आणि सगळ्यात नवल याचं वाटलं की हे सगळे एकमेकांचे विरोधक, पण पेट्या वाटून घेतात. 'तू ही बघ, मी ती बघतो', आणि दुपारी सगळे आकडे एकत्र करून एकच तक्ता. त्यावरून अधिकृत निकालाच्या कितीतरी आधी सगळ्यांना अंदाज येतो. माझ्या शेजारी दुसऱ्या पक्षाचे एक आजोबा होते. माझी पेन्सिल मोडली तर खिशातून काढून दुसरी दिली आणि म्हणाले, 'पोरी, कोपऱ्यातल्या वसाहतीची पेटी येतेय, तुमच्या बाईंची मतं त्यात असतील, लक्ष दे.' आणि होती!

मालवणी_माणूस

धागो बघलंय आणि रवाक नाय. लिओ वराडकर हेच काउंटी काउन्सिलातसून वर इले. त्यांचे बाबा डॉक्टर अशोक वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान असताना ते वराडाक इले होते, देवळात गेले, घर बघल्यानी. तो दिवस अजून डोळ्यांसमोर हा.

जुना_खेळाडू

मालवणी_माणूस, अगदी बरोबर, आणि यात मंजिरीसाठी एक गोष्ट आहे. वराडकर १९९९ मध्ये काउन्सिलला उभे राहिले तेव्हा विशीचे, डॉक्टरकीचे विद्यार्थी. पडले. २००३ मध्ये फिंगल काउंटी काउन्सिलमध्ये पक्षाची एक जागा रिकामी झाली, तिथे त्यांना घेतलं. २००४ च्या निवडणुकीत त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं पडली, त्या वर्षी देशात सगळ्यांत जास्त. २०१७ मध्ये टीशॉक, म्हणजे पंतप्रधान. पहिल्या निवडणुकीत पडलेला माणूस आहे हा. तुझ्या उमेदवाराला सांग.

लेटरकेनीची_स्मिता

मी डोनेगलमध्ये, नर्स आहे. रात्रपाळी संपवून लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे मोजणीबद्दल बोलताय, मला मतदान कशावर झालं ते सांगायचंय. आमच्याकडे हजारो घरं ढासळताहेत. भिंतींच्या ब्लॉकमध्ये अभ्रक, म्हणजे मायका, जास्त गेलं. पाणी धरतं, थंडीत फुगतं, ब्लॉक आतून भुसभुशीत होतो. माझी सहकारी मला घरी घेऊन गेली होती. बाहेरून भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. तिने खिशातून घराची किल्ली काढली आणि ब्लॉकमध्ये खुपसली. शिळ्या भाकरीसारखा चुरा पडला खाली. आत मुलांची खोली. कर्ज अजून वीस वर्षं फेडायचंय.

सरकारची भरपाई पूर्ण खर्चाला पुरत नाही म्हणून या लोकांनी 'शंभर टक्के रिड्रेस' नावाचा पक्षच काढला, आणि या वेळी डोनेगल काउंटी काउन्सिलमध्ये त्यांचे चार जण निवडून आले. पहिल्याच निवडणुकीत! मीही मत दिलं. माझं घर भाड्याचं आहे, मला काही मिळायचं नाही त्यातून. पण त्या किल्लीचा आवाज कानातून जात नाही.

शर्वरी_आर

स्मिता, वाचून गलबलून आलं.

अवधूत_लिमरिक

देशभराचं चित्र मांडतो, कुणी मांडलं नाही अजून. ३१ काउन्सिलं, ९४९ जागा. फिआना फॉल २४८, फिन गेल २४५, शिन फेन १०२, लेबर ५६, सोशल डेमोक्रॅट ३५, ग्रीन २३, इंडिपेंडंट आयर्लंड २३, आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले अपक्ष तब्बल १८६. मजेची गोष्ट म्हणजे पहिल्या पसंतीत फिन गेल २३.० टक्के आणि फिआना फॉल २२.९, पण जागा फिआना फॉलच्या तीनने जास्त. मंजिरी, तुझ्या वॉर्डात जे झालं तेच देशपातळीवरही थोडं झालंय बघ.

शिन फेनचं आश्चर्य वाटलं. २०१४ मध्ये १५९, २०१९ मध्ये ८१, आता १०२. वाढले, पण जनमत चाचण्यांमध्ये गेली दोन वर्षं ते ज्या उंचीवर होते, त्या मानाने हा निकाल फार कमी. ग्रीनवाले ४९ वरून २३. सरकारात बसल्याचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसला, मोठ्या दोन भागीदारांना, फिआना फॉल आणि फिन गेलला, त्या मानाने कमी. मला वाईट वाटतं, कारण आमच्या गावात सायकलचा रस्ता झाला तो त्यांच्या माणसाने धरून बसल्यामुळे.

आणि आमच्या लिमरिकला यंदा पहिल्यांदाच लोकांनी थेट महापौर निवडला, आयर्लंडमधला पहिला. जॉन मोरन, अपक्ष, पूर्वी अर्थ खात्याचे सचिव होते. २०१९ मध्ये कॉर्क, वॉटरफर्ड आणि लिमरिक तिघांनाही विचारलं होतं, हो म्हणालं फक्त लिमरिक.

गोदाकाठ

मी नाशिकचा, जिल्हा परिषदेतून निवृत्त. मुलगी डब्लिनला असते म्हणून धागा वाचतोय. काउंटी काउन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषदच ना? शाळा, दवाखाने, पाणी तेच बघतात का?

जुना_खेळाडू

काका, नावाने तशीच, कामाने नाही. शाळा काउन्सिलकडे नाहीत, दवाखाने नाहीत, पोलीस नाहीत, पाणीपुरवठाही आता वेगळ्या राष्ट्रीय कंपनीकडे गेला. उरलं काय, तर काउन्सिलची घरं, रस्ते, अग्निशमन, ग्रंथालयं, बागा, स्मशानं आणि बांधकाम परवानगी. तुमच्याकडे जसे मुख्य कार्यकारी अधिकारी, तसेच इथेही असतात, आणि खरी सूत्रं बरीचशी त्यांच्याच हातात. निवडून आलेल्यांच्या हातात मुख्य दोन गोष्टी: वर्षाचा अर्थसंकल्प आणि विकास आराखडा. कुठली जमीन शेतीची आणि कुठली घरांची, ते त्या आराखड्यात ठरतं. यातच पूर्वी पैसे खाल्ले गेले. डब्लिनच्या जमिनींचं प्रकरण चौकशी आयोगाने १९९७ पासून २०१२ पर्यंत खणलं.

गोदाकाठ

समजलं. अध्यक्ष, सभापती हे असतात का?

जुना_खेळाडू

अध्यक्षाला आयरिशमध्ये 'कहीरलाख' म्हणतात, काही ठिकाणी मेयर. दरवर्षी सभासद आपसांत निवडतात.

गोदाकाठ

धन्यवाद. एक खंत बोलून दाखवतो. तुमच्याकडे पाच वर्षं झाली आणि मतदान झालं, हे वाचून बरं वाटलं आणि पोटात कालवलंही. आमच्याकडे बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. जून २०२४ उजाडला तरी प्रशासकच. मी नोकरीत असताना सदस्य यायचे, टेबलावर हात आपटायचे, भांडायचे, आम्ही वैतागायचो. आता कुणी भांडायला येत नाही. गावातला माणूस अर्ज घेऊन येतो आणि कुणाच्या नावाने हाक मारायची ते त्याला कळत नाही. ती भांडणं किती मोलाची होती हे आता कळतं.

जुना_खेळाडू

काका, इथेही हेच व्हायचं. सरकारला सोयीचं नसलं की काउन्सिलची निवडणूक पुढे. १९८४ ची १९८५ ला झाली, १९९० ची १९९१ ला. आणि १९९१ नंतर काउंटी काउन्सिलचं मतदान थेट १९९९ मध्ये, आठ वर्षांनी! त्याच दिवशी, ११ जून १९९९ ला, लोकांनी सार्वमत देऊन राज्यघटनेत दुरुस्ती केली की स्थानिक निवडणुका दर पाच वर्षांनी झाल्याच पाहिजेत. तेव्हापासून २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४, एकदाही चुकलेली नाही. लोकांनी घटनेत लिहून घेतलं म्हणून.

गोदाकाठ

७३ व्या घटनादुरुस्तीत आमच्याकडेही पाच वर्षं लिहिलेलीच आहेत हो.

शर्वरी_आर

पण काका, एका बाबतीत आपण पुढे आहोत. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव. इथे काउन्सिलमध्ये बायका साधारण पाव. डॉलच्या निवडणुकीत पक्षांना महिला उमेदवारांचं प्रमाण पाळावं लागतं, काउन्सिलला तसं बंधनच नाही. माझी आई साताऱ्याकडे पंचायत समितीवर होती हे मी ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांनी चहा बाजूला ठेवून ऐकलं.

कोल्हापूरकर_७७

आणि घराणेशाही? तिकडे नसेल म्हणा.

अवधूत_लिमरिक

केरीला या एकदा! हीली-रे घराणं. आजोबा जॅकी १९९७ मध्ये डॉलवर, मग मुलगे मायकल आणि डॅनी दोघंही डॉलवर, आणि पुढच्या पिढीतले तिघं, जॉनी, मॉरा आणि जॅकी, या वेळी पुन्हा केरी काउंटी काउन्सिलवर. सगळे अपक्ष. पण त्यांच्या भागातल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, रात्री अकराला फोन केला तरी उचलतात.

मंजिरी_डब्लिन

आपल्या लोकांचंही लिहा की! टॅलाच्या बाजूला साउथ डब्लिन काउन्सिलवर बेबी पेरेप्पाडन आणि त्यांचा मुलगा ब्रिटो, दोघंही केरळच्या घरातले, वेगवेगळ्या वॉर्डांतून या वेळी निवडून आले. बापलेक एकाच सभागृहात.

निलेश_पुणे

सभागृहात पोरगं बापाच्या विरुद्ध बोललं तर घरी जेवण मिळतं का हा माझा प्रश्न आहे.

प्रसन्न_क (१६ जून २०२४)

मी मंजिरीचा नवरा. इथे नेहमी नुसता वाचतो, आज खाते उघडून लिहितोय, कारण मला एक सांगायचंय आणि ते तिला तोंडावर सांगायला दोन दिवस जमलं नाही.

मीही मत दिलं होतं. आमच्या मुलाच्या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक अपक्ष उभे होते. मुलावर त्यांचे उपकार आहेत, म्हणून मी १ त्यांना दिला. बस, तेवढाच. मला वाटलं दुसरा नंबर दिला तर त्यांचं मत कमी होईल. आईंनीही तेच केलं, मी सांगितलं म्हणून. प्रशिक्षक चौथ्या फेरीत बाद झाले. जुना_खेळाडू यांचं वाचल्यावर लक्षात आलं की आमच्या दोन पत्रिका त्या वेळी पुन्हा उघडल्या असतील, पुढचा आकडा शोधला असेल, सापडला नसेल, आणि बाजूला ठेवल्या असतील.

मंजिरी, २ तुझ्या बाईंना द्यायला आमचं काहीच जात नव्हतं.

जुना_खेळाडू

प्रसन्न, मनाला लावून घेऊ नका. हा गैरसमज इथे जन्मलेल्या लोकांतही आहे. खालची पसंती वरच्याला कधीच नुकसान करत नाही. वरचा माणूस निवडून आला किंवा बाद झाला, तरच खालचा आकडा बघतात. प्रत्येक मोजणीत पुढे न जाऊ शकणाऱ्या पत्रिकांचा वेगळा गठ्ठा असतो आणि शेवटच्या फेऱ्यांत तो बराच जाड झालेला असतो. मी त्या गठ्ठ्याकडे बघून दर वेळी हळहळतो.

मंजिरी_डब्लिन

वाचलं. स्वयंपाकघरात येऊन बोलायचं होतंस. रागावले नाहीये. पन्नासच्या आत म्हणजे आणखी कितीतरी घरांत हेच झालं असणार, आपल्या दोन मतांनी झालं नसतं. पण आता कळलं, मला काय विचारायचं होतं ते. मी चार संध्याकाळी लोकांना '१ द्या' एवढंच सांगत होते, आणि घरात तर तेही सांगितलं नाही.

उद्या खांबांवरचे फलक काढायला जाणार आहे. मतदानानंतर सात दिवसांत काढायचे असतात, आमचे काही राहिलेत, दंड होईल. प्रसन्न, शिडी धरायला ये.

प्रसन्न_क

येतो. केबल टाय कापायला पक्कड घेतोय.

लेटरकेनीची_स्मिता (४ डिसेंबर २०२४)

धागा वर काढतेय. २९ नोव्हेंबरला डॉलची निवडणूक झाली, बरेच काउन्सिलर तिकडे निवडून गेले. त्यांच्या जागी आता काय? पुन्हा मतदान?

जुना_खेळाडू

नाही. दोन्हीकडे एकदम बसता येत नाही, २००३ पासून कायदाच आहे, आणि काउन्सिलला पोटनिवडणूक नसते. ज्या पक्षाची जागा, तो पक्ष नाव सुचवतो आणि काउन्सिल त्याला घेते. मंजिरी, तुमच्या वॉर्डात?

मंजिरी_डब्लिन

आमच्या बाईंच्याच पक्षाचे एक जण डॉलवर गेले! पक्षाच्या स्थानिक शाखेची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, तीन नावं आहेत, त्यात त्यांचं एक. मला त्या बैठकीत मत नाही, मी सभासद नाही. पण काल त्यांच्याबरोबर बसथांब्याचा कागद घेऊन फिरले. या वेळी प्रत्येक दारावर थांबले, घाईने फाटक लावलं नाही.

कॉर्कची_नवी

नमस्कार, दोन महिन्यांपूर्वी आलेय, नवरा कामाच्या परवान्यावर, मी त्याच्याबरोबर. मलाही काउन्सिलला मत देता येईल का? नाव कुठे घालायचं?

मंजिरी_डब्लिन

हो, देता येईल, तुलाही आणि त्यालाही. 'चेक द रजिस्टर' नावाची सरकारी साइट आहे, तिथे तुझा पीपीएस क्रमांक (इथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि घराचा एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड, लागेल. पीपीएस अजून आला नसेल तर काउन्सिलच्या कार्यालयातून फॉर्म मिळतो. पुढची निवडणूक २०२९ ची आहे, पण नाव आत्ताच घाल. घर बदललं की पत्ताही बदल, ते लोक विसरतात. काही अडलं तर इथेच लिही, मी बघते.